अर्ध्या गुणाची कैफियत

आपल्याकडे माणूस घराबाहेर पडला की परत येताना त्याने काहीतरी एक करून यावं लागतं. मंडईत गेला तर भाजी आणावी, दवाखान्यात गेला तर गोळ्या आणाव्यात आणि स्पर्धेला गेला तर जिंकून तरी यावं नाहीतर हरून तरी. जिंकून आलात तर पेढे, हरून आलात तर सहानुभूती. समाजाने दोन्हींची सोय करून ठेवलेली आहे. हरलेल्या माणसाचे तर आपल्याकडे फार लाड होतात. "चालायचंच", "पुढच्या वेळी बघू", "खेळात हार-जीत असतेच" अशी तीन-चार वाक्यं प्रत्येक घरात दारामागच्या छत्रीसारखी टांगलेलीच असतात. वेळ आली की काढायची आणि उघडायची.

पण तुम्ही बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेलात, चार तास मान मोडून खेळलात आणि घरी येऊन सांगितलंत की डाव बरोबरीत सुटला, तर समाजाची पंचाईत होते. त्या प्रसंगाचं वाक्यच त्याच्याकडे नसतं. "हार-जीत असतेच" म्हणावं तर हारही नाही आणि जीतही नाही. मग ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. मला आजवर जी वाक्यं ऐकावी लागली त्यांची ही छोटीशी यादी. आमचे शेजारी : "म्हणजे खेळलाच नाहीत?" आमच्या शाखेतला रोखपाल : "आतल्या आत मिटवलंत वाटतं!" खालच्या मजल्यावरचा क्रिकेटवेडा मुलगा : "काका, पाऊस आला होता का?" आणि आमच्या सौभाग्यवती : "मग चार तास काय केलंत?"

हे चारही जण सज्जन आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात काडीचाही राग नाही. (शेवटच्या व्यक्तीविषयी राग असता तरी तो मी छापला नसता.) पण ज्या समजुतीतून ही वाक्यं निघतात तिच्याविरुद्ध मात्र मी आज रीतसर कैफियत दाखल करतो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की बरोबरी हा अपुरा राहिलेला निकाल नव्हे. तो पुरा निकाल आहे, तो कमवावा लागतो, बरेचदा विजयापेक्षा जास्त घाम गाळून कमवावा लागतो. आणि ज्यांना तो कळत नाही त्यांनी निदान लहान मुलांसमोर तरी तोंड मिटून बसावं.

प्रथम वर्तमानपत्रांचा समाचार घेऊ. त्यांचं वाक्य ठरलेलं : "डाव बरोबरीत सुटला." सुटला! म्हणजे काय, आत होता की काय? आपल्या भाषेत शाळा सुटते, नोकरी सुटते, आरोपी पुराव्याअभावी सुटतो. या तिसऱ्या अर्थानेच लोक ते वाक्य वाचतात. दोघांवर खेळल्याचा आरोप होता, पण तो सिद्ध न झाल्याने दोघंही निर्दोष सुटले! कुणी "गणित सुटलं" या अर्थाने हे वाक्य वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. वास्तविक बरोबरीचा डाव म्हणजे सुटलेलं गणितच असतं.

कैफियत म्हटली की पुरावा आला. इतर कुणाचा डाव सादर केला तर त्याची परवानगी काढावी लागेल, म्हणून माझाच एक सादर करतो. स्थळ तालुक्याच्या गावातल्या एका शाळेचा सभागृह म्हणवणारा वर्ग, फेरी पाचवी, पट सतरावा. पहिल्या दहा पटांभोवती बघे असतात, विसाव्या पटापासून पुढे आठ वर्षांखालची मुलं असतात. सतरावा पट हा मधल्या लोकांचा, म्हणजे मध्यमवर्गाचा. समोर एक वायरमन. हाताची बोटं जाडजूड, पण सोंगटी अशी अलगद उचलत की जणू तिच्यातून करंट वाहतो आहे. त्यांचं मानांकन माझ्याहून दीडेकशे अंकांनी जास्त, आणि पांढरी मोहरी त्यांची. सकाळी दहाला बसलो.

साठाव्या चालीच्या सुमारास परिस्थिती अशी होती : त्यांच्याकडे राजा, एक उंट आणि उजव्या कडेला शेजारी-शेजारी दोन प्यादी. माझ्याकडे राजा आणि एक घोडा. त्यांनी ती दोन प्यादी उत्तम खेळ करून मिळवली होती, लबाडीने नव्हे. प्यादी हातात हात घालून पुढे निघालेली, शाळेतून घरी चाललेल्या बहिणींसारखी. त्यातली एक जरी शेवटच्या ओळीत पोचली असती तर तिचा वजीर झाला असता आणि मला पेनाला टोपण लावून घरी जावं लागलं असतं. तेव्हा मी माझा शेवटचा घोडा त्यातल्या आतल्या प्याद्यावर घातला. प्यादं गेलं आणि घोडाही गेला. मागे उभा असलेला एक बघ्या कुजबुजला, "घोडा फुकट दिला की हो!"

आता हिशेब बघा. नवशिक्यांना शिकवतात त्या दराने उंटाचे तीन आणि प्याद्याचा एक, म्हणजे त्यांचे चार. माझे शून्य. माझ्याकडे फक्त राजा, आणि राजाला बाजारभाव नसतो. चार विरुद्ध शून्य! जगातल्या कुठल्याही धंद्यात या स्थितीत दिवाळं जाहीर करतात.

पण बुद्धिबळात कोपऱ्याचा रंग म्हणून एक चीज आहे. पट मांडताना प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताला कोपऱ्यातलं घर पांढरं यावं लागतं. म्हणजे त्यांच्या उजव्या कडेच्या पट्टीचं अलीकडचं टोक पांढरं आणि पलीकडचं, जिथे प्यादं पोचून वजीर व्हायचं ते, काळं. आणि त्यांचा उंट होता पांढऱ्या घरांचा. उंट जन्मभर एकाच रंगावर चालतो. काळ्या घरावर त्याची बदली कधीच होत नाही. माझा राजा त्या काळ्या कोपऱ्यात जाऊन बसला. उंट येई, जाई, शेजारच्या घरावर नजर रोखून उभा राही. पण माझ्या दारावर टकटक करणं त्याच्या अधिकारात बसत नव्हतं. खातं दुसऱ्या शाखेत असलेल्या ग्राहकासमोर जुन्या काळचा साहेब जसा हतबल व्हायचा, तसा तो उंट हतबल झाला होता.

मी बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. रीतीप्रमाणे आधी चाल केली, मग प्रस्ताव सांगितला, मग घड्याळ दाबलं. वायरमन म्हणाले, "खेळू की साहेब थोडं." त्यांचं काही चुकलं नाही. पन्नास चालींचा नियम आहे : एकही प्यादं न हलता आणि एकही सोंगटी न मरता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या तर बरोबरी मागता येते. तोवर प्रयत्न करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी सतरा-अठरा चाली प्रयत्न केला. उंटाने पटाला प्रदक्षिणा घातल्या. शेवटी त्यांनी प्यादं सातव्या ओळीत सरकवलं, आणि माझ्या राजाला शहही नाही नि हलायला घरही नाही अशी कोंडी झाली. स्टेलमेट. दोन वाजून गेले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कोपरा काळा निघाला."

आता मला सांगा, या डावात काय कमी होतं? त्यांनी जिंकण्यासाठी जे करता येईल ते सगळं केलं. मी न हरण्यासाठी जे करता येईल ते सगळं केलं. दोघांचंही काम पूर्ण झालं. त्यानंतर काय घडलं तेही सांगतो. जिंकलेला माणूस डाव संपला की घाईत असतो, कारण त्याला कुणाला तरी सांगायचं असतं. हरलेला त्याहून घाईत असतो, कारण त्याला कुणालाच सांगायचं नसतं. बरोबरीवाले दोघे मात्र तिथेच बसतात. आम्ही पट पुन्हा मांडला आणि तासभर शोधलं की त्यांना कुठून जिंकता आलं असतं. ते शोधायला मीच त्यांना मदत करत होतो! ज्याने सकाळभर माझा जीव घ्यायचा प्रयत्न केला त्याला मी दुपारी तो कसा घेता आला असता हे समजावून सांगतो आहे, असं दृश्य दुसऱ्या कुठल्या खेळात दिसतं मला दाखवा.

काही जण म्हणतील, चार विरुद्ध शून्य असताना बरोबरी हा अन्यायच. त्यांच्या माहितीसाठी सांगतो : इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत स्टेलमेट झाली तर कोंडी करणाराच हरत असे आणि कोंडलेला जिंकत असे. त्या नियमाने वायरमन सरळ हरले असते. तेव्हा आजचा अर्धा गुण हा मला दिलेली खैरात नसून मधला मार्ग आहे.

माझ्या धंद्यात तर बरोबरीइतकं पवित्र काही नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हणजे पदवी मिळेपर्यंत मला एकच गोष्ट शिकवली गेली : जमा आणि नावे सारखी आली पाहिजेत. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज एक आली की जीव भांड्यात पडतो. तिथे कुणी येऊन विचारत नाही, "मग कोण जिंकलं? जमा की नावे?" आता सगळं संगणकावर आहे, तरी दिवसअखेरीला रोखपालाच्या पेटीतली रोकड संगणकातल्या आकड्याशी जुळावीच लागते. शंभर रुपये कमी निघाले तर तो रडतो हे ठीकच, पण शंभर रुपये जास्त निघाले तरीही तो रडतो! जास्त निघाले म्हणून पेढे वाटणारा रोखपाल मी पाहिलेला नाही. हिशेब बरोबर आला की मात्र तो शीळ घालत डबा पिशवीत टाकतो. आणि हाच गृहस्थ माझ्या बरोबरीला "आतल्या आत मिटवलंत" म्हणतो!

या दोन बरोबऱ्यांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. दुहेरी नोंदीची पद्धत ज्याने प्रथम छापील ग्रंथात नीट मांडली तो लुका पाचोली नावाचा इटालियन पाद्री. त्याचं पुस्तक व्हेनिसला १४९४ साली निघालं आणि बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांचा छळ तिथून सुरू झाला. या पाचोलीने १५०० च्या सुमारास बुद्धिबळावरही एक हस्तलिखित लिहिलं होतं. ते शेकडो वर्षं बेपत्ता होतं आणि २००६ साली गोरिझिया गावच्या एका ग्रंथसंग्रहात सापडलं. म्हणजे जमाखर्चाचा आद्य गुरू आणि बुद्धिबळाचा पंतोजी एकच. फावल्या वेळात बुद्धिबळ खेळणाऱ्या बँकेच्या कारकुनाला गुरुपरंपरा आहे, एवढंच मला नमूद करायचं आहे.

"तुमचं ठीक आहे, तुम्ही सतराव्या पटावरचे, मोठे खेळाडू जिंकतात," असा पुढचा युक्तिवाद येतो. तर मोठ्यांची गोष्ट ऐका. १० सप्टेंबर १९८४ रोजी मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता. नऊ डावांत कार्पोव्ह चार जिंकले होते. कास्पारोव्ह अवघा एकवीस वर्षांचा. दोन पराभव आणखी झाले की गाशा गुंडाळायचा. त्यानंतर सलग सतरा डाव बरोबरीत गेले. सतरा! सत्ताविसावा डाव कार्पोव्ह जिंकले. पाच विरुद्ध शून्य. आता एकच पराभव बाकी. तिथून पुन्हा बरोबऱ्या, मध्येच एक विजय, पुन्हा सलग चौदा बरोबऱ्या, मग लागोपाठ दोन विजय. पाच महिने उलटले, अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यातले चाळीस बरोबरीत, आणि १५ फेब्रुवारी १९८५ ला जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निकालाविना लढतच थांबवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्याने झालेल्या लढतीत कास्पारोव्ह जगज्जेता झाला. आता सांगा, त्याला जगज्जेता कुणी केलं? ज्या बरोबऱ्यांना प्रेक्षक जांभया देत होते, त्यांनीच. त्या चाळीस डावांत त्याने कार्पोव्हची शिकवणी घेतली, आणि तीही कार्पोव्हकडूनच, फुकट.

बरोबरी सोपी असते हा दुसरा गोड गैरसमज. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा, शेवटचा डाव चालू होता. जगज्जेत्या डिंगला फक्त बरोबरी राखायची होती. मग पुढे जलद डाव होते. स्थितीही बरोबरीचीच होती. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती चुकीच्या घरात नेला आणि जगज्जेतेपद गेलं. जगज्जेत्यालासुद्धा जी अखेरपर्यंत सांभाळता आली नाही, ती गोष्ट सतराव्या पटावर मी सांभाळली. (असं मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्यांनी भाजी खाली लागते आहे असं सांगितलं.)

आणि घरचं उदाहरण घ्या. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. महाराष्ट्रभर आनंदीआनंद झाला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. दोघींचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत गेले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत गेला आणि दुसऱ्यात दिव्या जिंकली. पेढे त्या एका डावाचे वाटले गेले. आधीच्या तीन बरोबऱ्यांचे पेढे कुणी वाटले? त्या तिन्हींतला एखादा जरी ती हरली असती तर चौथ्याची गोष्ट वेगळीच झाली असती. इमारतीचं कौतुक करताना आपण गच्चीकडे बघतो, पाया बघायला कुणी वाकत नाही.

आता अलीकडे तर बरोबरीला हद्दपार करण्याचीच मोहीम निघाली आहे. प्रायोजकांना म्हणे निकाल हवा असतो. २००८ साली स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेत फुटबॉलसारखे गुण ठेवले : जिंकल्यास तीन, बरोबरीला एक. मी बँकेचा माणूस, मला लगेच शंका आली. डाव निकाली ठरला तर पटावर तीन रुपये, आणि बरोबरीत सुटला तर दोघांना एक-एक, म्हणजे दोनच. मग तिसरा रुपया गेला कुठे? आमच्या शाखेत असा एक रुपया नाहीसा झाला तर रात्री आठपर्यंत कुणी घरी जात नाही. तिथे मात्र प्रत्येक बरोबरीला एक रुपया गडप होतो आणि लेखापरीक्षक टाळ्या वाजवतात!

नॉर्वेतल्या मोठ्या स्पर्धेत २०१९ पासून आणखी एक युक्ती निघाली. मोठा डाव बरोबरीत सुटला की लगेच 'आर्मगेडन' नावाचा झटपट डाव. त्यात पांढऱ्याला वेळ जास्त, आणि त्या बदल्यात काळ्याने बरोबरी साधली तरी काळा जिंकला असं धरायचं. वाचकहो, जरा थांबून विचार करा. बरोबरीला घराबाहेर काढायला निघालेल्या मंडळींना अखेर बरोबरीलाच विजय म्हणावं लागलं! सासूबाईंना काशीला धाडायला म्हणून गेले आणि त्यांनाच गाडीत पुढच्या सीटवर बसवून परत घेऊन आले.

इथे विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. आठ-दहा चाली यांत्रिकपणे खेळायच्या, डोळ्यांनी खुणावायचं, हस्तांदोलन करायचं आणि बक्षिसाची रक्कम वाटून घेऊन चहाला जायचं, असे महाभाग आहेत. शेवटच्या फेरीत ते हमखास दिसतात. त्यांच्या त्या प्रकाराला मी बरोबरी म्हणत नाही. ती किरकोळ रजा आहे. २००५ साली बल्गेरियातल्या सोफियाच्या स्पर्धेत नियम केला की खेळाडूंनी आपसांत बोलून बरोबरी ठरवायची नाही. पटावर खेळूनच काय ते सिद्ध करायचं. या नियमाला माझा दोन्ही हातांनी पाठिंबा आहे. खोटी नोट बाजारात आली म्हणून खऱ्या नोटा जाळत नाहीत, खोटी ओळखायला शिकतात. न खेळता केलेली बरोबरी आणि खेळून आलेली बरोबरी यांच्यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने निदान गुणांचे दर ठरवू नयेत.

हा सगळा वाद मी हसत हसत सोडून दिला असता. चाळिशी उलटलेल्या कारकुनाला अर्ध्या गुणावरून कुणी हिणवलं तर त्याचं काय बिघडतं? पण त्याच स्पर्धेत, त्याच दिवशी, आमच्या मागच्या रांगेत मी एक डाव पाहिला. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. समोरचा मुलगा तिच्याहून मोठा आणि एका वजिराने पुढे. तिच्याकडे राजा, एक हत्ती आणि दोन अडकलेली प्यादी. राजाला हलायला एकही घर नाही. आणि त्या पोरीने काय करावं? तिने हत्ती सरळ त्याच्या राजाच्या अंगावर घातला. शह! हत्ती मारला तर स्टेलमेट, डाव बरोबरीत. मुलाने राजा बाजूला नेला. हत्ती पुन्हा शेजारी. शह! राजा पुढे, हत्ती मागे. पिसाळलेल्या हत्तीने देवळाच्या मिरवणुकीची दाणादाण उडवावी तशी तिने त्या मुलाची उडवली. शेवटी थकून त्याने हत्ती मारला. मुलीने घड्याळाकडे पाहिलं, गुणपत्रकावर अर्धा-अर्धा लिहिलं आणि अशी काही हसली की मला वाटलं, या खेळात निदान एक तरी माणूस आज सुखी झाला.

बाहेर व्हरांड्यात तिचे वडील उभे होते. ती धावत गेली. त्यांनी विचारलं, "जिंकलीस?" ती म्हणाली, "बाबा, ड्रॉ!" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "म्हणजे अर्धा घालवलास." ती समजावून सांगायला लागली, हत्ती, शह, स्टेलमेट. ते म्हणाले, "ते राहू दे. हरणार नव्हतीस तर जिंकली का नाहीस?" पोरगी गप्प झाली.

माझी कैफियत त्या वाक्याविरुद्ध आहे. तो अर्धा गुण तिने घालवला नव्हता. तिच्याकडे शून्य होतं, त्यातून तिने तो उभा केला होता. शून्यातून अर्धा उभा करणारा माणूस आमच्या धंद्यात असता तर त्याला आम्ही विभागीय व्यवस्थापक केला असता. जी मुलगी हरलेल्या स्थितीत डोकं शांत ठेवते, अजून काय उरलं आहे ते शोधते आणि शेवटची सोंगटी पणाला लावते, तिला आयुष्यात पुढे काय काय उपयोगी पडणार आहे हे त्या गृहस्थांच्या लक्षात आलं नाही. कारण आयुष्यात विजय किती येतात हो? घराचा हप्ता, मुलांच्या फिया, म्हाताऱ्या आईचं दुखणं, या सगळ्यांशी आपण महिनाअखेरीला बरोबरीच तर करत असतो. एक तारखेला पगार आणि तीस तारखेला शून्य. तोटा नाही म्हणून देवापुढे साखर ठेवतो. बहुसंख्य माणसांनी उभा जन्म बरोबरी राखत काढला आहे, आणि त्यात कमीपणा नाही. मग त्याच घरात मुलीने आणलेला अर्धा गुण कमी कसा?

अर्ध्याचं तर आपल्याला वावडंही नाही. अर्ध्या दिवसाची रजा आपण आनंदाने घेतो. हाफ तिकिटासाठी मुलाचं वय वर्षानुवर्षं अकरावर थांबवतो. कटिंग चहा पिऊन कुणी "अर्धा कप हरलो" असं म्हणत नाही. फक्त पटावरचा अर्धाच आपल्या घशाखाली उतरत नाही.

आणि आपल्या भाषेने तर हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलेला आहे. 'बरोबर' म्हणजे समान. 'बरोबर' म्हणजे सोबत. आणि 'बरोबर' म्हणजे अचूक. मास्तर वहीत उत्तरापुढे लिहायचे ते. वायरमन आणि मी त्या दिवशी या तिन्ही अर्थांनी बरोबर होतो. ज्या भाषेत या तिन्ही गोष्टींना मिळून एकच शब्द आहे, त्या भाषेत बरोबरीवाल्याला सांगायला एक धड वाक्य असू नये?

सबब समाजास नम्र विनंती की त्याने हार-जीतीच्या वाक्यांशेजारी आणखी एक वाक्य टांगून ठेवावं. फार लांब नको, "दाखव बरं डाव" एवढं पुरे. अडीच शब्दांचा खर्च आहे, पण मुलगी तासभर बोलत राहील. येणेप्रमाणे कैफियत लिहून दिली असे. निकाल आमच्या बाजूने लागावा असा आमचा आग्रह नाही. बरोबरीत सुटला तरी पेढे वाटू.